मायवाटेवरचा मुडदा

१

खडकघाटच्या लोकांनी त्या सकाळी ठाणेदार लक्ष्मणरावांना नदीपर्यंत नेलं, ते फक्त वाट दाखवण्यापुरतं. बोललं कोणीच नाही. बेचाळीसच्या गोळीबाराला अकरा वर्षं झाली, इंग्रज गेला, टोपीवरचा बिल्ला बदलला, पण आष्टीच्या या पट्ट्यात खाकी दिसली की माणसं अजून तोंडाला कुलूप लावायची. लक्ष्मणरावांना याचा भारी राग. “अरे, मी काय तेव्हा इथं होतो का?” असं ते हवालदार गोमाजीला दर वेळी विचारत, आणि गोमाजी बिचारा “नाई साहेब” म्हणून मोकळा होई.

त्यात पुन्हा मासळीचा वास. लक्ष्मणराव पक्के शाकाहारी. नाकाला रुमाल लावूनच ते खडकावर उतरले.

वर्धा नदी तिथं काळ्या खडकाची एक आडवी रांग ओलांडून खाली येते. पुरात ती रांग बुडून जाते. पूर ओसरला की उघडी पडते, आणि मग खालच्या डोहातल्या मासोळीला वर जायला एकच फट उरते, माणूस खांद्यात अडकेल एवढी. मासेमारी करणारे इथले ढिवर लोक तिला मायवाट म्हणतात. पोटात गाबोळी घेऊन निघालेली मासोळी या फटीतून चढते आणि वरच्या उथळ गोट्यांत अंडी टाकते, म्हणून ते नाव.

त्या फटीच्या काठाशी, सपाट खडकावर, नानाजी उताणा पडला होता. सरकारचा मासेचौकीदार, याच गावचा ढिवर, चांगला धडधाकट गडी. ओमप्रकाश ठेकेदाराची माणसं उजाडताना जाळी घेऊन आली, तेव्हा त्यांना तो असाच दिसला होता.

लक्ष्मणराव उकिडवे बसले. सदरा ओलाचिंब. नाकात, कानात, केसांत रेती. दोन्ही खांदे सोलवटलेले. तळहातांत बांबूची कुसं रुतलेली. पालथा करून पाहिला तर पाठीवर, मणक्याच्या मधोमध, बांगडीएवढा काळानिळा गोल वळ.

“पोकळ बांबूचं टोक आहे हे,” लक्ष्मणराव म्हणाले. “दाबून धरलेलं.”

“पाय घसरला असन, साहेब,” मागून कोणीतरी पुटपुटलं. गावानं त्या सकाळी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

लक्ष्मणरावांचं डोकंच फिरलं. “घसरला? बरं! फटीत पडला, बुडाला, मेला. मग उठून वर आला, खडकावर निजला, धोतर गुडघ्याखाली नीट ओढून घेतलं आणि स्वतःचे डोळे स्वतःच मिटले. असंच ना?”

शेजारी मायवाटेत पाणी मोकळं खळाळत होतं, आणि त्यातून हातभर लांबीची एक मासोळी उसळी मारून वर निघून गेली.

२

नानाजीची बायको अन्नपूर्णा भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून डोळे कोरडे पडले होते, पण बोलली ती नीट. या गावात पोलिसाशी नीट बोलणारं माणूस भेटलं, ते असं भेटावं याचं लक्ष्मणरावांना वाईट वाटलं.

“अंधार होता तवाच निंगाले ते. डोक्यावर तट्टा होता, बांबूचा, त्या फटीच्या मापाचा. म्या हात जोडले. म्हणलं, पोळा तं होऊ द्या.”

“यात पोळ्याचा काय संबंध?”

“साहेब, मासोळी धराची सरकारची बंदी पंधरा आगस्टले उठते. ढिवराची पोळ्याले उठते. तोवर मायवाट कोणी बुजवत नाई, पाप हाय ते. दरसाली दोन्ही मांगंपुढंच येत, तं भागून जाये. यंदा धोंड्याचा महिना आला अन् पोळा लांबला. पाणीबी उशिरा आलं. मासोळी अजून भरल्या पोटानं चढून राह्यली.” तिनं आवंढा गिळला. “ठेकेदार म्हणे, बंदी उठली, आता वाट बंद कर, नाई तं वर्ध्याले तक्रार करतो. नोकरी जाईन. हे मले म्हणत, मी सरकारचा का ढिवराचा, तूच सांग. म्या काय सांगू?”

“त्याचं कोणाशी वाकडं होतं?”

अन्नपूर्णा जराशी घुटमळली. “प्रेमदासशी. आखाडात, बंदी असतानी, त्यानं मायवाटेत टोपलं लावलतं. ह्याइनं त्याले पकडून आर्वीले नेलं. दंड झाला. मंग प्रेमदास आष्टीच्या बाजारात भर लोकात बोलला.”

“काय बोलला?”

“तुले त्याच वाटेत कोंबीन म्हणे.”

दाराशी उभ्या असलेल्या गोमाजीनं मिशीवरून हात फिरवला. सोलवटलेले खांदे, पाठीवर बांबूचा वळ, वर भर बाजारात दिलेली धमकी. आणखी काय पाहिजे? दुपारच्या आत प्रेमदासच्या हातात बेड्या पडल्या. त्याच्या झोपडीला टेकून डोंगा ढकलायचा लांब बांबू उभा होता. गोमाजीनं त्याचं टोक दोरीनं मापलं आणि वळाशी ताडून पाहिलं. बरोब्बर जुळलं.

“असे बांबू या गावात दर झोपडीला टेकलेले आहेत,” लक्ष्मणराव म्हणाले.

“पण धमकी एकानंच दिली, साहेब.”

“ते खरं.” लक्ष्मणरावांनी खिशातून अडकित्ता काढला. त्यांना विचार करायचा असला की सुपारी लागे. “मला एवढंच सांग, गोमाजी. तो डोक्यावर तट्टा घेऊन निघाला होता. तळहातांत बांबूची कुसं आहेत, म्हणजे तट्टा हातात होता. मग आता तट्टा कुठाय?”

गोमाजीचा मिशीवरचा हात खाली आला.

३

ओमप्रकाश ठेकेदारानं मालगुजाराच्या रिकाम्या कोठारात बिऱ्हाड थाटलं होतं. बर्फाच्या पेट्या, लाकडाचा भुसा, बाहेर नागपूरला जायला उभा असलेला ट्रक. आणि वास असा की लक्ष्मणरावांनी नाकावरचा रुमाल काढलाच नाही.

“मी त्याला मारून माझा काय फायदा, साहब?” ओमप्रकाशनं दोन्ही हात पसरले. “उलट मीच त्याच्या मागं लागलो होतो. बाबा रे, बंदी खतम झाली, नदीचा ठेका माझा आहे, ती फट बंद कर. सगळी मासोळी तिथून निसटून जाते. मी काय नागपुरात नुसतं पाणी विकू?”

“त्यानं ऐकलं?”

“आधी टाळाटाळ करत होता. शेवटी ऐकलं. पहाटे तट्टा लावतो म्हणाला. माझी माणसं जाळी घेऊन गेली, तर हा मेलेला, तट्टा गायब आणि फट सताड उघडी! माझ्या डोळ्यांदेखत मासोळी वर चालली होती, साहब. माझं नुकसान कोण भरून देणार?”

माणूस मेला त्याचं सुतक नाही, आणि हा मासोळीचं रडगाणं गातोय! लक्ष्मणरावांना त्याची किळस आली. पण किळस आली म्हणून कोणी खुनी ठरत नाही, एवढी अक्कल त्यांना नोकरीनं दिली होती. फट बंद व्हावी म्हणून जिवाचा आटापिटा करणारा माणूस लावलेला तट्टा उपटून कशाला फेकेल?

तट्टा दुपारी सापडला. नदीच्या खालच्या वळणावर, बाभळीच्या मुळांत अडकला होता. त्याच्या मधल्या दोन काड्या मोडल्या होत्या. कोणीतरी मुठीत गच्च धरून ठेवलेला तट्टा दुसऱ्या कोणीतरी ओढून काढला असावा, असं दिसत होतं.

लक्ष्मणराव तो तट्टा उलटासुलटा करून पाहत राहिले. मारणाऱ्यानं नानाजीला फटीतून बाहेर काढला. तट्टाही काढला. तट्टा पाण्यात सोडून दिला आणि नानाजीला मात्र सोडला नाही. उचलून खडकावर ठेवला, सगळ्या जगाला दिसेल असा.

“वेडा आहे की काय हा माणूस?” ते स्वतःशीच बोलले.

४

प्रेमदास कोठडीत गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तरणाबांड पोरगा, तोंडाळ, पण आता चेहरा पार उतरलेला.

“धमकी दिली होतीस?”

“देल्ली ना. रागात माणूस काय बी बोलते. मारला नाई म्या. पहाटे मी घरीच होतो, कांता कन्हत होती.”

“बायकोच्या साक्षीवर कोर्ट सोडत नाही.”

“मंग काय नदीची साक्ष आणू?” प्रेमदास उसळला. “साहेब, त्या वाटेपायी मले दंड झाला. नानाजीनं पकडलं हे साऱ्याइले ठावं हाय. पण चुगली कोणी केलती, सांगू? माह्या सासूनं. बायजानं! सख्ख्या जावयाची! थे वाटेची राखण करते, तिच्या मायपासून चालत आलं म्हणे. दररोज पहाटे बांबू घेऊन जाऊन पाह्यते, कोठं काडीकचरा अडकला का. मी म्हणतो, मासोळीले काय समजते पोळा कवा हाय? साऱ्या भाकड गोष्टी.”

“म्हणजे तू ती वाट मानत नाहीस.”

“नाई मानत. फट हाय थे. पाणी जाते, मासोळी जाते, बस.”

तो हसायला गेला आणि त्याला हसू आलं नाही. गजांना धरून उभा राहिला.

“साहेब, यात फाशी होते काय?”

लक्ष्मणराव हातातला अडकित्ता उघडून मिटत राहिले.

“मंग एक करा. कांताचे दिवस भरले. पोर आडवं हाय म्हणते बायजा. थे मोकळी होईस्तोवर मले इथंच ठेवा. आर्वीले नेऊ नका. मी तिकडं अन् इकडं तिचं काही झालं, तं...”

“उद्या कोर्टापुढं उभं करावंच लागतं. ते माझ्या हातात नाही.”

प्रेमदास गजांना डोकं टेकून खाली बसला.

५

बायजाच्या अंगणात शेळी वीत होती. लक्ष्मणरावांना तसल्या गोष्टी बघवत नसत, पण बायजा उठेना, म्हणून तेच ओट्याच्या कडेला टेकले.

म्हातारी खरी, पण मनगटं गड्याची. अख्खी जिंदगी डोंगे ओढण्यात गेलेली. अंगावर विटलेलं तांबडं लुगडं, कपाळावर गोंदण. मायवाटेची राखणदार तर ती होतीच, शिवाय गावची सुईण. खडकघाटची दोन पिढ्या माणसं तिच्या हातांनी जगात आली होती.

“नान्यालेबी म्याच काढलतं,” ती म्हणाली. “पायाळू होता. त्याची माय म्हणे, जगत नाई. निळाजर्द पडलता पोट्टा. म्या म्हणलं, कसा जगत नाई पाह्यते.”

बोलता बोलता शेळीचं पिलू खाली आलं. बायजाची नजर लक्ष्मणरावांवरच होती. खाली न पाहताच तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पिलाच्या तोंडात घालून गर्रकन फिरवलं, चिकटा पुसून काढला, नाकावर फुंकर मारली. पिलू बेंबाटलं. लक्ष्मणरावांनी तोंड फिरवलं.

“प्रेमदासची तक्रार तुम्हीच केली होती ना?”

“केली. जावई असला म्हणून काय झालं? वाट बुजवली त्यानं.”

“आणि नानाजीनं बुजवली तर?”

बायजा शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “त्यालेबी सांगतलं होतं,” ती म्हणाली.

“उद्या प्रेमदासला आर्वीला नेतोय. खुनाच्या आरोपाखाली.”

तिचा हात थांबला. “त्यानं नाई केलं, साहेब.”

“कशावरून?”

“थो वाटेले मानत नाई.”

आता याला काय म्हणावं? लक्ष्मणराव चिडून उठलेच. “अहो बाई, मानत नाही म्हणूनच तर संशय आहे त्याच्यावर!”

बायजा आणखी काही बोलणार होती, पण शेजारच्या झोपडीतून कांताचं कन्हणं ऐकू आलं, तशी ती हात धुऊन लगबगीनं आत गेली. लक्ष्मणराव ठाण्यावर परतले, जेवले, आडवे झाले. पण म्हातारीचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्वीला पोचले तेव्हा कोर्ट उघडायला अवकाश होता. प्रेमदासला झाडाखाली बसवून लक्ष्मणराव दवाखान्यात गेले. नानाजीची चिरफाड झाली होती. डॉक्टर व्हरांड्यातच भेटले.

“बुडूनच मेलाय,” डॉक्टर म्हणाले. “जिवंतपणी पाण्यात गेला. छातीत पाणी आहे, नाकात रेती आहे, घशात खालपर्यंत रेती आहे. पण एक गोष्ट मला कळली नाही. तोंड एकदम साफ. जीभ, हिरड्या, टाळू, सगळं कोणीतरी बोट घालून पुसलंय. आणि दातात हे अडकलं होतं.”

चिमट्यात एक तांबडा धागा होता.

“जाळ्याचा असन,” गोमाजी म्हणाला.

“जाळ्याचा दोरा असा मऊ नसतो. हे नेसायच्या कपड्याचं सूत आहे.”

लक्ष्मणराव दवाखान्याच्या पायरीवर बसले. सुपारी कातरली आणि तोंडात टाकायची विसरले.

“गोमाजी, समज, तू त्या फटीत कोणाला तरी ढकलून मारलंस. मुडदा तिथंच खांद्यात अडकलाय, हातात तट्टा आहे. तू काय करशील?”

“पळून जाईन, साहेब.”

“बरोबर! मुडदा तिथं राहिला तर आपण काय म्हटलं असतं? तट्टा बसवताना तोल गेला, मेला बिचारा. आणि काढून पाण्यात सोडला असता, तर वाहून गेला म्हटलं असतं. दोन्हीकडून सुटका होती. या माणसानं तिसरंच केलं. मुडदा ओढून काढला, तट्टा काढला, मुडदा खडकावर ठेवून आपल्याच हातानं पुरावा मांडून दिला. कशासाठी?”

गोमाजी पायरीवर त्यांच्या शेजारी टेकला.

“त्या जागेवर मागं काय उरलं, सांग. मोकळी फट. आपण गेलो तेव्हा मासोळी चढत होती की नाही? मुडदा फटीत राहिला असता तर मासोळीची वाट अडली असती. ज्याला आपल्या गळ्यातल्या फासापेक्षा ती वाट मोकळी होण्याची जास्त काळजी, त्याचं हे काम. आणि प्रेमदास तर वाट मानतच नाही! त्यानं कोंबला असता तर कोंबलेलाच ठेवून गेला असता. म्हातारी बरोबर बोलत होती.”

लक्ष्मणराव ताडकन उठले. “त्याच्या बेड्या काढ. खडकघाटला परत चला.”

“पण साहेब, तोंड कोणी पुसलं? अन् काऊन?”

लक्ष्मणरावांच्या डोळ्यांपुढं शेळीचं ओलं पिलू आलं, बोटाला गुंडाळलेला तांबडा पदर आला, आणि ते झाडाखाली बसलेल्या प्रेमदासकडं भराभर चालू लागले.

७

कांताच्या झोपडीचं दार लोटलेलं होतं. आतून तिचं ओरडणं येत होतं. बायजा गरम पाण्याची घागर न्यायला बाहेर आली आणि अंगणात खाकी पाहून थबकली. मग तिला मागं उभा असलेला प्रेमदास दिसला.

“सोडला त्याले?”

“सोडला,” लक्ष्मणराव म्हणाले. “बायजाबाई, नानाजीचं तोंड तुम्ही पुसलंत.”

तिनं घागर खाली ठेवली. नाकारलं नाही, की रडली नाही. काय झालं ते सांगितलं.

“म्या म्हणलं, नान्या, लेकरा, पोळा होऊ दे. पोटुशी मासोळी खाली अडकून मरन. थो म्हणे, मावशी, नोकरी हाय, घरी लेकरं हायेत. अन् तट्टा बसवाले वाकला. म्या बांबूनं ढकललं, साहेब. मले वाटलं, तट्टा सोडन. थो मुंडक्यावर आत गेला, खांद्यात अडकला, तरी तट्टा धरूनच. म्या बांबू पाठीवर दाबला. मले वाटलं, आता सोडन. त्यानं तट्टा सोडला नाई, अन् म्या बांबू सोडला नाई.”

प्रेमदासच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. लक्ष्मणरावांनी त्याला हातानं गप्प केलं.

“मग?”

“मंग थो हलेना. तवा अक्कल आली मले. ओढून काढला. तोंड रेतीनं भरलतं, हात आपसूकच गेला. पुसलं, फुंकलं, उलटा केला. जन्माच्या वक्ती असाच निळा होता, तवा माह्या फुंकरीनं रडलता. आता नाई रडला.”

“नदीत सोडून द्यायचा होता,” लक्ष्मणराव बोलून गेले, आणि ठाणेदाराच्या तोंडी हे शोभत नाही हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. “कोणाला कळलं नसतं.”

“अन् अन्नपूर्णाले काय भेटलं असतं? पुरात गेलेला माणूस हातात येत नाई, साहेब. तिच्यासाठी ठेवला.”

“आणि हा? काल हा कोठडीत होता. तेव्हा का नाही बोललात?”

“बोललीच असती. पण कांताचं पोर आडवं हाय. थे फिरवाले या गावात माह्याबिगर कोणी नाई. मले काल नेलं असतं तं दोघंबी गेले असते.” तिनं पुन्हा घागर उचलली. “तेवढं काढू द्या. मंग न्या मले कोठं न्यायचं तिथं.”

कायदा म्हणतो, कबुली मिळाली की अटक. लक्ष्मणरावांना कायदा तोंडपाठ होता. त्यांनी दारासमोरचा एक दगड पाहिला आणि त्याच्यावर बसले.

“जा,” ते म्हणाले.

ऊन डोक्यावर आलं. आत कांता ओरडत होती, बायजा तिला दटावत होती, मधूनच गोंजारत होती. मग कांताचं ओरडणं थांबलं आणि काहीच ऐकू येईना. प्रेमदासनं दोन्ही कान झाकून घेतले. गोमाजी टोपी काढून उभा राहिला. लक्ष्मणरावांनी कधी नव्हे ते देवाचं नाव घेतलं.

आणि मग बाळ रडलं, चांगलं खणखणीत.

बायजा हात पुसत बाहेर आली. पदराचं टोक ओलं होतं. “पोरगी हाय,” ती प्रेमदासला म्हणाली. “दोघीबी बऱ्या हायेत. पाच दिवस तिले थंड पाण्यात हात घालू देऊ नको.” मग लक्ष्मणरावांकडं वळली. “चला, साहेब.”

गावातून जायचं म्हणजे अन्नपूर्णाच्या दारावरून जाणं आलं. बातमी पुढं पोचली होती. अन्नपूर्णा उंबऱ्यावर उभी होती. बायजा आपण होऊन थांबली.

“मावशी, माह्या माणसाचा गुन्हा काय होता?”

“गुन्हा नव्हता, बाई.”

“सरकारनं सांगतलं तेच केलं ना त्याइनं?”

“हाव.”

“तोंड पुसलं म्हणे तू त्याइचं.”

बायजानं मान हलवली.

“तेवढं तरी माह्यासाठी ठेवाचं होतं,” अन्नपूर्णा म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. बायजा बराच वेळ त्या दाराकडं पाहत उभी राहिली. इतका वेळ कोरडी राहिलेली म्हातारी आता रडत होती.

ठाण्याची मोटार गावाबाहेर उभी होती, आणि तिथवरचा रस्ता नदीच्या काठानं होता. खडकापाशी ठाकठोक ऐकू आली. ओमप्रकाशची माणसं मायवाटेत नवा तट्टा बसवत होती आणि ठेकेदार काठावर छत्री घेऊन उभा होता.

“साहेब, याइले पकडा ना,” बायजा म्हणाली.

पंधरा ऑगस्ट उलटून गेला होता. या माणसांना लावायला त्यांच्याजवळ कलम नव्हतं. जे होतं ते बायजाला लागलं होतं. आपल्या अंगावरच्या खाकीची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

तेवढ्यात त्यांच्या बाजूनं कोणीतरी धावत खाली गेलं. प्रेमदास! त्यानं सदरा काढून खडकावर फेकला, ठेकेदाराच्या माणसांना ढकललं, तट्टा दोन्ही हातांनी उपटून पाण्यात सोडून दिला आणि स्वतः त्या फटीत उतरून बसला. छातीपर्यंत पाणी.

“ठाणेदारसाहब!” ओमप्रकाश किंचाळला. “पकडा याला! ठेका माझा आहे!”

“ठेका मासोळीचा आहे,” लक्ष्मणराव म्हणाले. “हा माणूस आहे. नदीत बसायला बंदी असल्याचं मी कुठं वाचलेलं नाही.”

“आणि माझा तट्टा?”

“त्याची तक्रार ठाण्यावर येऊन द्या. मी कामात आहे. पोळ्यानंतर या.”

ओमप्रकाशनं छत्री खडकावर आपटली. बायजा मात्र त्याच्याकडं पाहतच नव्हती. ती काठाशी वाकली होती, डोळ्यांवर हात धरून फटीत निरखत होती.

“अबे प्रेमदास!” ती ओरडली. “बाजूले सरक ना, बाप्पा! तूच आडवा बसला, मासोळी कोठून जाईन?”

प्रेमदासनं अंग चोरलं आणि पाठ खडकाला लावली. बायजा थांबली, म्हणून लक्ष्मणरावही थांबले. थोड्या वेळानं प्रेमदासच्या कुशीला घासून एक भरल्या पोटाची मासोळी वर गेली. मग बायजा मोटारीकडं चालू लागली.